ई-ग्रंथालयात न सापडलेल्या शब्दांची यादी कोण वाचते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ई-ग्रंथालयाची बातमी आली की आकडे ठरलेले असतात. इतकी पाने स्कॅन झाली, इतके संगणक बसले, इतक्या सभासदांनी नोंदणी केली. वाचकाने शोधाच्या चौकटीत काय लिहिले आणि त्याच्या हाती काय लागले, हे मात्र कुठल्याच बातमीत नसते आणि बहुधा अहवालातही नसते. ही माहिती जवळपास फुकट मिळते. प्रत्येक शोध सर्व्हरवर नोंदता येतो. ज्यांना '0 निकाल' मिळाले अशा शोधांची यादी महिन्यातून एकदा कागदावर छापून ग्रंथपालाने वाचावी, एवढीच माझी मागणी. बाकीचे पत्र ती यादी कशी करायची आणि कशी वाचायची याविषयी.

सुरुवात आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या जागांच्या नावांपासूनच करू. जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात 'ठाणे' असे शोधा. वर येतात ती पोलीस ठाणी. 'कळवा' टाका, तर 'आपला निर्णय त्वरित कळवा' अशा सूचना. 'दिवा' टाकल्यावर काय येत असेल ते सांगायला नको. 'वाशी' नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यातही आहे आणि 'बेलापूर' प्रवरेकाठीही आहे. उलट बाजूने पाहिले तर एकाच जागेला दोन-दोन नावे. साष्टी म्हणजेच साल्सेट, वसई म्हणजे बसीन, घारापुरी म्हणजे एलिफंटा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड 1882 चा, इंग्रजीत आणि 'ठाणा' या स्पेलिंगने. मराठीत 'ठाणे गॅझेटियर' लिहिणाऱ्याला तो दिसायचा असेल, तर नोंद करतानाच कोणीतरी 'ठाणा, ठाणे, ठाणें' ही तिन्ही रूपे एका नोंदीला बांधून ठेवायला हवीत. ग्रंथालयशास्त्रात हे काम जुनेच आहे. संगणक आल्यावर 'आता सगळे आपोआप सापडेल' या समजुतीने ते मागे पडले.

आपोआप सापडत नाही, हेही जुनेच ज्ञान आहे. अमेरिकेतल्या फर्नास, लॅन्डॉवर, गोमेझ आणि ड्युमे या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवले की एकाच वस्तूला दोन माणसांनी आपणहून तेच नाव देण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे नोंद करणाऱ्याचा शब्द आणि वाचकाचा शब्द जुळणे हाच अपवाद. क्रिस्टिन बोर्गमन यांनी 1986 मध्ये संगणकीय तालिका (ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींच्या याद्या) वापरायला अवघड का जातात यावर लेख लिहिला आणि दहा वर्षांनी, 1996 मध्ये, त्या 'अजूनही' अवघड का आहेत यावर पुन्हा लिहिला. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातील डिजिटल ग्रंथालयाने 1996-97 मधल्या सुमारे 30 हजार शोधांच्या नोंदी तपासल्या. शोध सरासरी अडीच शब्दांचे होते आणि बहुतेकांनी पडद्यावर आधीपासून लावून ठेवलेली एकही मूळ निवड बदलली नव्हती. 'प्रगत शोध' नावाचे सोळा रकाने आपण कौतुकाने बांधतो, पण वाचक पहिल्याच चौकटीत दोन शब्द लिहितो आणि निघतो. तेव्हा ती एक चौकट आणि तिची मूळ मांडणी यांवरच मेहनत घ्यायला हवी.

मराठीत तर दोन शब्द बरोबर लिहूनही पुस्तक सापडत नाही. त्याची कारणे लिपीत आहेत, आणि निविदा लिहिणाऱ्यांना ती सहसा माहीत नसतात.

पहिले कारण डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) 2008 साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी आणि कित्येक ठिकाणी आजही ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही एकसारखी, संगणकाला मात्र वेगळी. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याचे नियम, तेही त्यांना एक करत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो. 'दुःख' मधला विसर्ग कित्येक लोक अपूर्णविरामाच्या कळीने देतात. सन कधी १९३५, कधी 1935. सगळ्यांत फसवा आहे तो रफाराचा भाऊ, 'ऱ्य'. तो दोन प्रकारे साठवला जातो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा नियम अनेक प्रणालींत असतो. तो आधी चालला की 'दऱ्या' चा 'दर्या' होतो आणि सह्याद्रीची पुस्तके समुद्रात जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या प्रकारचे रूप पहिल्यात बदलायचे, मगच अदृश्य चिन्हे काढायची.

दुसरे कारण शुद्धलेखन. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नांव', 'पांच', 'घरांत', 'कवि' आहे. आजचा वाचक 'काही', 'नाव', 'कवी' लिहितो. ई-ग्रंथालयात चढवायला सर्वांत सोपी पुस्तके म्हणजे स्वामित्वहक्क संपलेली. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. त्यामुळे मुक्त झालेला मराठी संग्रह जवळजवळ सगळा जुन्या लेखनातला आहे. वाचक आणि संग्रह यांच्या लेखनातली फट इथे सर्वांत रुंद.

मग अनुस्वार उडवून टाकायचे का? घाईचा कंत्राटदार तेच करतो, आणि 'चिंता' शोधणाऱ्याला 'चिता' मिळते, 'वंश' शोधणाऱ्याला 'वश'. ऱ्हस्व-दीर्घ सरसकट एक केले तर 'दिन' आणि 'दीन' एकत्र येतात. उपाय असा, की प्रत्येक शब्द दोनदा साठवायचा, एकदा जसाच्या तसा आणि एकदा अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ सैल करून. शोध दोन्हीकडे चालवायचा, पण तंतोतंत जुळणीला वजन जास्त द्यायचे. मग 'चिंता' वर राहते, 'चिता' खाली सरकते आणि 'कांहीं' देखील हरवत नाही. 'पण्डित' आणि 'पंडित' यांच्या बाबतीत एवढी काळजी नको. परसवर्ण, म्हणजे अनुस्वाराच्या जागी लिहिलेले अर्धे अनुनासिक, सरळ अनुस्वारात बदलावा.

तिसरे कारण प्रत्यय. हिंदीत 'ठाणे में' असे सुटे लिहितात, म्हणून तिथे 'ठाणे' शोधले की सापडते. मराठीत ठाण्यात, ठाण्याचा, ठाण्याहून, ठाणेकरांनी. मूळ शब्दच सामान्यरूपात बदलतो. देवनागरीसाठी म्हणून हिंदीचे प्रत्यय छाटणारे तयार नियम मराठी संग्रहाला लावले जातात, तेव्हा काही छाटले जात नाही, किंवा नको ते छाटले जाते. मराठीसाठी वेगळी छाटणी लागते: -त, -चा/ची/चे, -ला, -ने, -हून, -साठी, -मध्ये, -तील आणि त्याआधीचे '-या-' चे सामान्यरूप. फायर या भारतीय भाषांच्या शोध-चाचणी उपक्रमात 2008 पासून मराठी बातम्यांचा संग्रह वापरला गेला आहे, म्हणजे या विषयावर पाटी कोरी नाही. पूर्ण छाटणी जमत नसेल तर निदान स्थलनामांची सामान्यरूपे हाताने भरावीत. ठाणे, कल्याण, बेलापूर, ऐरोली, घणसोली, तुर्भे, दिघे अशी शंभरेक नावे. नेरूळ-नेरुळ आणि कोपरखैरणे-कोपर खैरणे ही रूपेही त्याच यादीत.

चौथे, रोमन लिपी. मोबाइलवर मराठी कळफलक असूनही कितीतरी जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि लिप्यंतराचा एकच नियम कोणी पाळत नाही. 'ज्ञानेश्वर' चे निदान पाच प्रकार मिळतील. दुसऱ्या टोकाला, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या तालिका जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. त्या रूपांतर न करता चढवल्या तर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा साठतो. फॉन्ट असलेल्या संगणकावर ती नोंद व्यवस्थित दिसते, म्हणून चूक कार्यालयात कळत नाही, वाचकाच्या फोनवर कळते.

स्कॅनविषयी थोडक्यात. नुसत्या चित्राच्या पीडीएफमध्ये शोधण्याजोगे अक्षर एकही नसते. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन करून अक्षर-ओळख, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणारी प्रक्रिया, चालवावी. टेसरॅक्टसारख्या मुक्त साधनात मराठी आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ-ध, भ-म, थ-य, ष-प यांची गल्लत होते हे धरूनच चालावे. म्हणून शीर्षक, लेखक, विषय आणि अनुक्रमणिका एवढे तरी माणसाने तपासावे. मोडी कागदपत्रांना या वाटेला लावू नये. त्यांचे वर्णन हातानेच लिहायचे.

आता नोंदवही. प्रत्येक शोधामागे एवढे ठेवा: वेळ, यादृच्छिक बैठक-क्रमांक (बैठक म्हणजे एका वाचकाचा एका वेळचा सलग वापर), वाचकाने लिहिलेले शब्द जसेच्या तसे, लावलेल्या चाळण्या (फिल्टर), निकालांची संख्या, कितव्या निकालावर बोट पडले, आणि पुस्तक उघडले का. सभासद क्रमांक, नाव, फोन यांतले काहीही नको. कोण काय वाचते हे जगजाहीर करण्याचा अधिकार ग्रंथालयाला नाही, आणि 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आहे. अर्धा तास हालचाल नसेल तर बैठक संपली असे मानण्याची रीत आहे, पण वाचनालयातल्या सामायिक संगणकावर ती कुचकामी ठरते. एक उठतो, दुसरा बसतो, आणि नोंदीत एकच माणूस सकाळपासून एमपीएससीचे प्रश्नसंच, कोळीगीते आणि मधुमेहाचा आहार शोधताना दिसतो. तिथे 'नवा वाचक' असे ठळक बटण द्या आणि पाच मिनिटांनी पडदा आपोआप मूळ जागी आणा. शोधयंत्रांचे रोबोट (संकेतस्थळे आपोआप चाळणारे प्रोग्राम) गाळल्याशिवाय कुठलाही आकडा सभेत वाचून दाखवू नये. नाहीतर रात्री तीन वाजता ठाणेकर फार वाचतात असे निघते.

महिनाअखेरीस शून्य निकालांचे 300 शोध घ्या आणि पाच ढीग करा: लेखनभेद, लिपीभेद, प्रत्यय, संग्रहात आहे पण वेगळ्या शब्दाने, आणि खरोखरच नाही. पहिल्या तिघांची दुरुस्ती एकदा नियमांत केली की शेकडो शब्दांना पुरते. चौथा ढीग पर्यायी शब्दांच्या यादीत जातो. पाचवा ढीग पुस्तक-निवड समितीकडे पाठवा. वाचकाला काय हवे हे त्याच्याच शब्दांत सांगणारा तो एकमेव कागद असतो. दोन माणसांचे हे एका दुपारचे काम आहे.

शून्य नसलेले शोधही बघावेत, विशेषतः एका मिनिटात पाठोपाठ बदललेले. कोणी 'मासेमारी' लिहिले, मग 'कोळी', मग 'खाडी', आणि तिसऱ्या शोधात पुस्तक उघडले, तर त्या वाचकाने आपल्याला समानार्थी शब्दांचा एक तुकडा फुकट करून दिला आहे. मार्शिया बेट्स यांनी 1989 मध्ये मांडले की माणूस एका फटक्यात शोधत नाही, रानमेवा वेचावा तसा एका झुडपापाशी थोडे, दुसऱ्यापाशी थोडे वेचत जातो, आणि वाटेत त्याचा प्रश्नही बदलतो. येऊरच्या वाटेवर करवंदे वेचलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. पुस्तकाच्या पानावर 'याच विषयाची इतर' आणि 'याच लेखकाची इतर' हे दोन दुवे ठेवणे म्हणजे दुसऱ्या झुडपाकडची पायवाट.

बोलून शोधणाऱ्यांची सोय वेगळी लागते. फोनवर बोलणारा 'मला ठाण्याच्या इतिहासाबद्दल पुस्तक पाहिजे' असे पूर्ण वाक्य सांगतो. सगळे शब्द जुळलेच पाहिजेत अशी मांडणी असेल तर 'मला' आणि 'पाहिजे' यांपायी निकाल शून्य. असे शब्द आधी वगळावेत आणि जास्तीत जास्त शब्द जुळणारी पुस्तके वर आणावीत.

नोंदवही 'काय' सांगते, 'का' सांगत नाही. वाचक न उघडता गेला, तो कंटाळून की यादीतच उत्तर दिसले म्हणून? त्यासाठी सहा वाचकांशेजारी प्रत्येकी 45 मिनिटे बसावे आणि मनातले मोठ्याने बोलत शोधायला सांगावे. अभ्यासिकेतला विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ, फक्त फोन वापरणारी गृहिणी, संशोधक, शाळकरी मूल आणि मराठी शिकणारा अमराठी शेजारी. काम देताना तालिकेतला शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. 'साष्टी' शोधा म्हणालात तर चाचणी संपली. 'ठाणे आणि मुंबईची उपनगरे ज्या बेटावर आहेत त्याचे जुने वर्णन हवे' असे म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणेच कठीण जाते, ग्रंथपालाला तर फारच.

पुढच्या निविदेत यासाठी चार ओळी घालाव्या लागतील: शोधनोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्या असतील आणि दरमहा साध्या तक्त्यात मिळतील, पर्यायी शब्दांची यादी ग्रंथपालाला कंत्राटदाराविना बदलता येईल, देवनागरी सामान्यीकरणाचे नियम लेखी दिले जातील, आणि देयक मंजूर होण्यापूर्वी ग्रंथालयाने निवडलेले शंभर मराठी शब्द, त्यांत 'कांहीं', 'दऱ्या', 'ॲ' चा एखादा शब्द आणि 'ठाण्यातील' असलेच पाहिजेत, सर्वांसमक्ष शोधून दाखवले जातील.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता
नौपाडा, ठाणे (प.)