सूचना : १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन

सर्व सभासदांना नमस्कार.

१० तारखेला संध्याकाळी ६ वाजता गच्चीवर जमू या. भाषणं नाहीत, नुसत्या गप्पा. ज्यांच्या घरी कुणी नैराश्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतंय, त्यांनी तर नक्की या. बीपीची गोळी आपण चारचौघांत घेतो, ही मात्र डब्यामागे लपवतो. मग डोस चुकतात आणि आजार उलटतो. कुणाला 'मेंटल' म्हणणं, गमतीतसुद्धा, कृपया बंद करा. शेजारच्या घरात काय चाललंय, आपल्याला ठाऊक नसतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मेडिक्लेममध्येही मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा लागतो, पॉलिसी तपासून घ्या.

तातडीने बोलायचं असेल तर टेली-मानस : १४४१६. सरकारी सेवा, मोफत, २४ तास, मराठीतही. नंबर लिफ्टशेजारच्या फलकावर लावला आहे.

– सचिव