झऱ्यांवर जायच्या आधी सगळ्यांनी वाचा

मंडळी, डोंगरातल्या खनिज झऱ्यांवर जायच्या आधी हे नीट वाचून घ्या, तिथे पोचल्यावर एकेकाला सांगत बसणं जमत नाही. झऱ्याच्या कडेला जो पांढरट थर दिसतो ना, तो म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेला चुना खाली बसतो आणि त्याचे पापुद्रे एकावर एक चढत जातात, ताजी कडा तर बोटाने दाबली तरी तुटते, म्हणून त्यावर पाय अजिबात नको आणि आठवण म्हणून तुकडा उचलणं तर नकोच नको. तांबूस गाळ दिसला तर ती घाण नाही, लोह आहे.

पाण्यात नाणी टाकू नका प्लीज. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या मॉर्निंग ग्लोरी या गरम पाण्याच्या कुंडात लोकांनी इतकी नाणी आणि कचरा टाकला की आतून गरम पाणी यायची वाट तुंबली, पाणी थंड होत गेलं आणि कडेचा निळा रंग जाऊन पिवळा-केशरी आला, फार वाईट वाटतं हे. साबण, शॅम्पूसुद्धा नको.

प्यायचं पाणी सोबत घ्या, झऱ्याचं कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात आर्सेनिक, फ्लोराइड असू शकतं. गरम कुंडात उतरायची परवानगी असली तरी डोकं बुडवायचं नाही, नाकातून अमीबा शिरण्याचा धोका असतो, दुर्मिळ आहे पण जीवघेणा. आणि बुडबुडे येतात तिथल्या खोलगट जागेत मुलांना बसू देऊ नका, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि वासही येत नाही.

काही शंका असेल तर निघायच्या आधीच विचारा.