टी४२०चे ड्रायव्हर: मित्रास पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

लेनोवोचा थिंकपॅड टी४२० लॅपटॉप घेतलास, उत्तम केलंस. २०११ सालचं मशीन आहे, पण तसा कीबोर्ड आता मिळत नाही आणि सुटे भाग अजून सहज मिळतात. विंडोज १० नव्याने टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की सापडणारी सगळ्या हार्डवेअरची यादी) पिवळे त्रिकोण दिसतायत म्हणालास, त्याने हबकून जाऊ नकोस. त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नाही किंवा चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फक्त गुगलवर ‘टी४२० ड्रायव्हर’ टाकून समोर येईल ते उतरवू नकोस. ड्रायव्हर आतल्या चिपशी बांधलेला असतो, लॅपटॉपच्या नावाशी त्याचा फारसा संबंध नाही. एका टी४२०मध्ये इंटेलचं वाय-फाय कार्ड निघतं, दुसऱ्यात रिअलटेकचं. म्हणून शोध चिपच्या नंबरावरून घ्यायचा.

त्याआधी मशीन नेटवर आण. टी४२०चं केबलचं नेटवर्क आणि इंटेलचं वाय-फाय विंडोज १० बहुतेक वेळा स्वतःच ओळखतं. नाही ओळखलं तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोड आणि फोनमध्ये यूएसबी टिथरिंग (फोनचं इंटरनेट केबलवाटे लॅपटॉपला देण्याची सोय) चालू कर. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघड, ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’मध्ये जा आणि तिथल्या ड्रायव्हरच्या यादीत काय आलंय ते बघ. निम्मे त्रिकोण इथेच जातात. रीस्टार्ट करून मग उरलेल्यांकडे वळ.

उरलेल्या प्रत्येक नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयड्स’ निवड. चार-पाच ओळी दिसतील, सगळ्यात वरची ओळ सगळ्यात नेमकी. तिच्यात ‘व्हेन’ (VEN) पुढे चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो: इंटेलचा ८०८६ (त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा), रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, एनव्हिडियाचा १०डीई. ‘डेव्ह’ (DEV) पुढे खुद्द चिपचा क्रमांक. ‘सबसिस’ (SUBSYS) मधली शेवटची चार अक्षरं लॅपटॉप कंपनीची: लेनोवो १७एए, डेल १०२८, एचपी १०३सी. हाताने टाइप करू नकोस, ओळीवर राइट क्लिक करून कॉपी कर. एक अक्षर चुकलं की भलतंच काहीतरी हाती लागतं.

टी४२०मध्ये सहसा अडकतात त्या नोंदी सांगतो. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, डेव्ह १सी३ए. ‘पीसीआय सिरियल पोर्ट’, डेव्ह १सी३डी, हा त्याचाच भाऊ. ऑफिसातल्या मशीनवर दुरून ताबा ठेवण्यासाठीची ती सोय आहे. घरी तिचा उपयोग नाही, पण त्रिकोण घालवायचा तर दोन्हींसाठी इंटेलचं एकच पॅकेज चालतं. आणि ‘अननोन डिव्हाइस’ म्हणून जे दिसतं त्याच्या आयडीत ‘एसीपीआय’ (ACPI) आणि पुढे ‘एलईएन००६८’ (LEN0068) असेल, तर ते लेनोवोचं पॉवर मॅनेजमेंट. त्याचा ड्रायव्हर लेनोवोच्याच साइटवरून घे.

मॅनेजमेंट इंजिनच्या बाबतीत एक जपायचं. ‘नवीन ते चांगलं’ हा नियम इथे उलटतो. या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोजने अकराव्या मालिकेचा (आवृत्ती ११ ने सुरू होणारा) ड्रायव्हर चढवला की काही मशीन शट डाउन केल्यावर पूर्ण बंद होत नाहीत: स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि दिवा चालू राहतो. झोपवलेलं मशीनही नीट उठत नाही. तसं झालं तर अकरावी मालिका काढून नववी किंवा दहावी टाक.

आता ग्राफिक्स. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतंय का बघ. दिसत असेल तर ब्राइटनेस हलणार नाही, पॉवर मेनूत ‘स्लीप’ सापडणार नाही आणि साधा व्हिडिओही प्रोसेसरचा घाम काढेल. तुझ्याकडे बहुधा एचडी ग्राफिक्स ३००० आहे, डेव्ह ०१२६. २०१९मध्ये इंटेलने आपल्या साइटवरून पुष्कळ जुने ड्रायव्हर काढून टाकले, म्हणून तिथे शोधण्यात वेळ घालवू नकोस. मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग (अपडेट आणि ड्रायव्हर हाताने शोधून उतरवायची त्यांची साइट) उघड आणि शोधाच्या चौकटीत आयडी पेस्ट कर. आधी सबसिससकट, काही आलं नाही तर फक्त व्हेन आणि डेव्हचा तुकडा. ‘प्रॉडक्ट्स’च्या रकान्यात विंडोज १० आणि आवृत्ती ९.१७.१०.४४५९ अशी ओळ शोध. याच्यापुढची आवृत्ती या चिपसाठी शोधत बसू नकोस. डाउनलोड होते ती कॅब फाइल, झिपसारखीच आवळलेली. सेव्हन-झिपने ती एका फोल्डरात उलगड. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, तो फोल्डर दाखव आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक आहे ना ते पाहा.

काही टी४२०मध्ये एनव्हिडियाची एनव्हीएस ४२००एम चिपही असते. तिच्यासाठी ३९१.३५ ही २०१८ची आवृत्ती, नोटबुकची, आणि इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसल्यानंतरच.

लेनोवोचं जुनं पॅकेज ‘ही ऑपरेटिंग सिस्टिम चालणार नाही’ म्हणून अडून बसलं तरी हार मानू नकोस. नकार बहुतेकदा इन्स्टॉलरचा असतो, आतला ड्रायव्हर चालतो. पॅकेज फक्त एक्स्ट्रॅक्ट कर आणि आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या चिपसाठी आहे ते लिहिलेली, .inf नावाची) नोटपॅडमध्ये उघड. तुझा डेव्ह क्रमांक शोध. तो नसेल तर ती फाइल तुझ्या कामाची नाही. असेल तर ‘मॅन्युफॅक्चरर’च्या भागात ‘एनटीएएमडी६४’ (NTamd64) आहे का बघ. इंटेलच्या प्रोसेसरवरही ६४-बिटची खूण हीच. तिच्यापुढे ६.१ असेल तर त्याचा अर्थ विंडोज ७ किंवा त्यापुढचं काहीही, म्हणजे १० सुद्धा. मग वरच्याच पद्धतीने फोल्डर दाखव. आयएनएफमध्ये हाताने मात्र काही बदलू नकोस. एक अक्षर बदललं तरी सोबतच्या कॅट फाइलमधली डिजिटल सही जुळत नाही आणि विंडोज ड्रायव्हर नाकारतं.

तारखा बघून गोंधळशील म्हणून सांगतो. चिपसेटच्या (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिपच्या) नोंदींवर ड्रायव्हरची तारीख १८ जुलै १९६८ दिसेल. ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे आणि मुद्दाम टाकलेली आहे. चिपसेटची आयएनएफ बहुतांशी नोंदींना नावं देण्यापुरती असते. विंडोज आधी आयडी किती नेमका जुळतो ते पाहतं आणि बरोबरी झाली तरच तारीख मोजतं. अशा बरोबरीत या नाममात्र फाइलने खऱ्या ड्रायव्हरला हटवू नये म्हणून तिला इतकं जुनं ठेवलंय. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असतं, तेही याच हिशोबाने. तेव्हा जुनी तारीख दिसली म्हणून अपडेटच्या मागे लागू नकोस.

नोंदीच्या प्रॉपर्टीजमधला एरर कोड वाचायची सवय लाव. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण डिव्हाइस सुरू होत नाही. तिथे वेगळी, बहुधा जुनी, आवृत्ती लावून बघ. ५२ म्हणजे सहीची अडचण. ४३ म्हणजे डिव्हाइसने स्वतःच बिघाड कळवला. दोन आवृत्त्या बदलूनही ४३ हटला नाही तर हार्डवेअरवर संशय घे.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर बसवून देणारी ॲप्स टाळ. ती जवळपास जुळणारं काहीही चढवतात, वर नको ते सॉफ्टवेअर गळ्यात मारतात. आणि रिअलटेकचं वाय-फाय बदलून दुसरं कार्ड टाकायचा विचार असेल तर थांब. या मॉडेलच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की सुरू होतानाच १८०२ एरर येऊन मशीन अडतं. लेनोवोच्या एफआरयू नंबरचं (सुट्या भागाचा त्यांचा क्रमांक), टी४२०साठीचं इंटेल ६२०५ कार्ड घे.

सगळे त्रिकोण गेले की त्याच दिवशी बॅकअप कर. डी ड्राइव्हवर रिकामं फोल्डर बनव, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि इंग्रजीत टाइप कर: पीएनपीयुटिल (pnputil), स्पेस, स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर (/export-driver), स्पेस, तारांकन, स्पेस, फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर तिथे उतरतील. ते फोल्डर पेनड्राइव्हवरही ठेव. पुढच्या फॉरमॅटनंतर तेच दाखवलंस की काम झालं.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. म्हणून बँकेची कामं या मशीनवर करायची असतील तर डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाक. इंटेल ग्राफिक्स, केबलचं नेटवर्क आणि इंटेल वाय-फाय यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (तिच्या गाभ्यातच) आहेत, तिथे ही शोधाशोध करावी लागत नाही.

एखादी नोंद अडलीच तर तिचा पूर्ण हार्डवेअर आयडी आणि कोड, दोन्ही पाठव.

तुझा,
मिलिंद