कृषिमंत्र्यांना खुले पत्र: वेण्णाकाठची थंडी सरकारी वहीत का येत नाही?

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: महाबळेश्वर तालुक्यातील हिमकणांची नोंद, हिवाळी अंदाज आणि स्ट्रॉबेरीचा विमा

महोदय, सादर नमस्कार.

या आठवड्यात वेण्णा तलावाच्या बाजूला आमच्या रानात पुन्हा दव गोठलं. पानांवर, वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदावर, ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर चढला होता. पर्यटक बांधावर उभे राहून फोटो काढत होते आणि दुपारपर्यंत फुलांचे मध्य काळे पडले. मध्य काळा पडलेल्या फुलाचं फळ होत नाही, झालं तर वेडंवाकडं होतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. फुलापासून फळ हाती यायला महिनाभर लागतो. म्हणजे आमचं नुकसान झालं आज, पण रिकामा हात दिसणार पुढच्या महिन्यात. तोवर तुमच्या पंचनाम्याची वेळ निघून गेलेली असते.

आपणांस विनंती एवढीच होती की सखल भागात, पिकाच्या उंचीवर तापमान मोजणारी यंत्रं बसवा. ही मागणी नवी नाही. गेल्या हंगामाआधी झालेल्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हाला शब्द दिला होता, "थंडी पडायच्या आत यंत्र बसेल." थंडी पडली, हंगाम संपला, दुसरा हंगाम निम्मा झाला. यंत्र नाही. फोन केला तर फाइल पुढे गेली आहे म्हणतात. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.

साहेब, वेधशाळा आहे वर पठारावर. तिथला पारा आठ-नऊ अंश दाखवत असतो, त्याच पहाटे खाली तलावाकाठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं. यात चमत्कार काही नाही. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन रात्रभर आपली ऊब सोडत राहते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत सखल जागी येऊन साचते. शिवाय सरकारी तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, लाकडी पेटीत सावलीत असतो. स्ट्रॉबेरीचं रोप जमिनीपासून वीतभर. पेटीत तीन-चार अंश असले तरी पानावर शून्य असू शकतं. हे शाळेतल्या भूगोलात शिकवतात. मग विम्याच्या अटी लिहिणाऱ्यांना ते का कळू नये?

विम्याचं सांगते. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत स्ट्रॉबेरी प्रायोगिक तत्त्वावर घेतली, आम्ही पेढे वाटायचे बाकी होते. हप्ता भरला. नंतर कळलं की रानात येऊन कुणी काही बघणार नाही. महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटासाठी असलेल्या, हवामान केंद्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच पैसे. मी काळी पडलेली फुलं परडीत घालून विमा कंपनीच्या माणसाकडे नेली होती. त्यांनी परडीकडे पाहिलंसुद्धा नाही, संगणकाकडे पाहून म्हणाले, "तुमच्या मंडळात थंडी नोंदली गेलेली नाही." मी तिथून रडत घरी आले. सोसायटीचं कर्ज, मदर प्लँटपासून (ज्यांच्यापासून रोपं तयार करतो ती मूळ रोपं) लावणीपर्यंतचा खर्च, तोडणीच्या बायकांची मजुरी, मुलीची कॉलेजची फी, हे सगळं त्या एका आकड्यावर अडलेलं आहे. पहाटे चारला उठून रोपांवर पाणी मारते, अंगावरची साडी ओली होते, बोटं आखडतात. ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो तर सासूबाईंचा दमा उफाळतो. आणि कागद सांगतो, थंडी नव्हती.

डिसेंबरच्या तोंडावर हवामान विभागाचा हिवाळ्याचा अंदाज येतो. देशाच्या नकाशावर रंग असतात, किमान तापमान सरासरीपेक्षा कमी की जास्त याची शक्यता असते, ला निनाची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडण्याची, चर्चा असते. त्याचा अभ्यास करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तीन महिन्यांची सरासरी उबदार राहिली तरी एक निरभ्र रात्र आमचा बहर मारते. थंडीच्या लाटेचा निकष बघा: सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली, डोंगराळ भागात ० अंश किंवा खाली, आणि शिवाय सरासरीहून किमान साडेचार अंशांची घट. आम्हाला डोंगराळ धरलं तर पठारावरच्या वेधशाळेत शून्य कधी यायचं? म्हणजे आमच्यासाठी लाटेचा इशारा निघणारच नाही.

मे २०२५ मध्ये हवामानाचा अंदाज ६ किलोमीटरच्या चौकटीत देणारी नवी भारत अंदाज प्रणाली आली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये मिशन मौसम या केंद्राच्या हवामान योजनेला २,००० कोटी मंजूर झाले. चांगलं झालं. पण साहेब, ६ किलोमीटरच्या एका चौकोनात आमचं पठार, तलाव आणि दरी सगळं मावतं. आणि त्याच २०२४ च्या सुरुवातीला कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली, देशभरातली १९९. जिथे माणूस शेतकऱ्याच्या भाषेत सांगत होता की आज पाणी द्या, उद्या झाका, तीच जागा बंद. संगणकाला पैसे आहेत, सल्ला देणाऱ्या माणसाच्या पगाराला नाहीत. हा हिशेब मला कुणीतरी समोर बसून समजावून सांगावा.

देशातली ८५ टक्के स्ट्रॉबेरी या भागात पिकते, हे प्रत्येक भाषणात असतं. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हारतुरे झाले. आमचा माल चालतो, आमचं नाव चालतं. २००१ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणून साधी शेड घालायची तरी आम्ही दहा दारं झिजवतो. आणि नवीन महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थानासाठी कितीतरी गावांचं नियोजन एका सहीनिशी रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिलं जातं. आमच्या डोंगरावर पडलेलं पाणी खालची धरणं भरतं, आमच्या थंडीवर हॉटेलं भरतात. त्या थंडीत मोडणाऱ्या शेतकऱ्याचा मात्र कुठल्याच खात्याशी संबंध नाही. कृषी खातं म्हणतं हवामान केंद्राचं काम, हवामान केंद्र म्हणतं विम्याचं, विमावाले म्हणतात शासन निर्णयात नाही. मग शासन निर्णय कोण काढतं, साहेब? तुम्हीच ना?

तर तो काढा. तलावाकाठी, लिंगमळ्यात आणि सखल गावांत रोपाच्या उंचीवर तापमान मोजा. तोच आकडा विम्याला लागू करा. गोठण्याची शक्यता असेल त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मराठीत मेसेज द्या, म्हणजे आम्हाला रान झाकायला वेळ मिळेल. जानेवारी अजून जायचा आहे, फेब्रुवारीतही दव गोठतं. या हंगामात जे जमणार नाही त्याची तारीख लेखी द्या. तोंडी शब्द आता आम्ही घेणार नाही.

आपली,
वेण्णा खोऱ्यातील एक स्ट्रॉबेरी उत्पादक शेतकरी