सानू, बंदूक तुझ्या खांद्याची घे

प्रिय सानू,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी कुठली शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) घेऊ, आणि मी "सांगतो नंतर" म्हणून फोन ठेवला. तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमधे होतो आणि दोन मिनिटांत उरकायची गोष्ट नाहीये ही. आज शनिवार, आई अजून झोपलीये, चहा घेऊन बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुला परवान्यात झोन 1 चा बी पीरियड (शिकारीचा आठवडा) लागला हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू. इथे विस्कॉन्सिनमधे स्प्रिंग सीझन सात-सात दिवसांच्या सहा पीरियडमधे वाटलेला असतो आणि बी म्हणजे एप्रिलचा शेवट, तेव्हा ओक अजून बोडके असतात आणि टॉमचं, म्हणजे नर टर्कीचं, ओरडणं दरीभर ऐकू येतं.

आधी एक गोष्ट जी तुला मी कधी सांगितली नाही. माझ्या पहिल्या सीझनला मी 12 गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, पुढे सांगतो), साडेतीन इंची मॅग्नम काडतूस चालणारी बंदूक घेतली होती. दुकानात एकाने सांगितलं की जेवढं मोठं तेवढं बरं, आणि मला वाटलं माणूस अनुभवी आहे. रेंजवर पाच बार काढले आणि खांदा काळानिळा झाला. पण खरं नुकसान खांद्याचं नव्हतं, त्यानंतर बार निघायच्या आधीच माझे डोळे आपोआप मिटायला लागले आणि मान मागे जायला लागली, आणि हे मला स्वतःला कळत पण नव्हतं. व्हिरोक्वा गावाच्या पुढे एका उतारावर सकाळी सहा-सव्वासहाला टॉम आला, शेपटी फुलवून, मला वाटलं चाळीस पावलं असेल आणि मी चाप ओढला. तो कोलमडला, उठला, आणि पंख ओढत खाली झुडपात गेला. नंतर मोजलं तर 58 पावलं होती. दुपारपर्यंत शोधलं मी त्याला, ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी. तीन पिसं मिळाली, तांब्यासारखी चमकणारी, एकाच्या देठाला रक्त. ती पिसं अजून माझ्या कपाटात आहेत, तू लहानपणी विचारलं होतंस कसली म्हणून.

तुझे आबा कुडाळला भातशेतीच्या राखणीला ठासणीची बंदूक ठेवायचे, डुकरं एका रात्रीत वाफेच्या वाफे उलथायची म्हणून. ते म्हणायचे, "लांबसून बार काढू नको, जनावर खयतरी जावन तडफडता." त्या दिवशी ओढ्यात बसलो होतो तेव्हा कानात तेच होतं. आणि हे पक्षी इथे काही आपोआप आलेले नाहीत गं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विस्कॉन्सिनमधून टर्की पार संपली होती, जंगलं तोडली, बेसुमार मारली. मग मिसूरीशी अदलाबदल ठरली, आपण त्यांना रफ्ड ग्राउस नावाचे पक्षी द्यायचे आणि त्यांनी आपल्याला टर्की, आणि 1976 मधे व्हर्नन काउंटीत 29 पक्षी सोडले. त्यांचा वंश एवढा वाढला की 1983 ला पहिला स्प्रिंग सीझन उघडला. त्यातला एक मी झुडपात वाया घालवला.

तर बंदूक. माझं स्पष्ट मत आहे की तू 20 गेज घे. गेज म्हणजे काय तर नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या केल्या आणि एका पाउंडात बारा बसल्या तर 12, वीस बसल्या तर 20, म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. पूर्वी लोक 20 ला पोरांची बंदूक म्हणायचे, पण आता टंगस्टनचे छर्रे आलेत, टीएसएस म्हणतात, शिशाची घनता 11 च्या आसपास आणि याची 18, त्यामुळे 9 नंबरचा बारीक दाणा (नंबर मोठा तसा दाणा बारीक) पण आत शिरतो आणि काडतुसात दाणे कितीतरी जास्त बसतात. महाग आहेत, एक काडतूस दहा डॉलर किंवा वरच, पण सीझनला लागणार एक-दोन. शिसंच घ्यायचं असेल तर 5 किंवा 6 नंबर घे आणि तीस पावलांच्या पलीकडे विचार पण करू नको. 20 ला धक्का अगदीच बसत नाही असं नाही, तीन इंची काडतूस जाणवतं, पण त्याने तू डोळे मिटणार नाहीस.

दुसरं, तू डावखुरी आहेस आणि तुझा डावा डोळाच मुख्य आहे, आपण दोन हातांच्या फटीतून दाराची मूठ बघून तपासलं होतं, आठवतंय ना. बहुतेक पंप बंदुका (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या) रिकामं काडतूस उजवीकडे फेकतात, म्हणजे तुझ्या नाकासमोरून. रेमिंग्टन 870 चांगलीच आहे पण तिची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, हे चापामागचं बटण, ते उजव्या हाताच्या लोकांसाठी. मॉसबर्ग 500 ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली, दोन्ही हातांना सारखी. त्याहून मला आवडेल ब्राउनिंगची बीपीएस, सेफ्टी पण वर आणि काडतूस खालून पडतं, वापरलेली 20 गेज नीट बघून मिळाली तर सोडू नको. दुकानात डोळे मिटून खांद्याला लाव, मग डोळे उघड, नळीच्या टोकाचा नेमाचा मणी नळीच्या मधोमध दिसला पाहिजे, मान लांबवावी लागली की दस्ता मोठा आहे. साधारण दस्ता 14 इंचाचा असतो, तुला जाड जॅकेट घालून तेरा-साडेतेरा लागेल असं वाटतं.

आणि हे नीट वाच. घरी माझी 12 आहे आणि तुझी 20 येणार. 20 चं काडतूस चुकून 12 मधे घातलं तर ते सरकून नळीत पुढे अडकतं, बंदूक रिकामी वाटते, आणि मागून 12 चं घालून उडवलं तर नळी फुटते. म्हणूनच 20 ची काडतुसं पिवळी असतात. खिशात दोन्ही कधीच एकत्र नको, पिशव्या वेगळ्या ठेवायच्या.

मग कागद. टर्की चोक (छर्रे एकत्र ठेवायला नळीच्या तोंडात लावतात तो अरुंद तुकडा) लावून 40 यार्डांवर कागदावर दहा इंची वर्तुळ काढून बार काढायचा आणि छिद्रं मोजायची, लोक साधारण शंभर धरतात. शंभर नाही बसले तर तीसवर ये, तिथे बसले तर तुझं अंतर तीस, विषय संपला. हे प्रत्येक बंदूक, चोक आणि काडतुसाच्या जोडीला वेगळं येतं, माझ्या मित्राला जे जमलं ते तुला जमेलच असं नाही. दहा यार्डांवर पण एक बार काढून बघ, छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात, म्हणजे अगदी जवळ आलेला पक्षी पण चुकतो.

नेम मान-डोक्यावर, पिसं संपतात तिथे. फुलून नाचत असेल तर मान आत घेतलेली असते, तेव्हा नाही. कॉलने (टर्कीचा आवाज काढायचं साधन) एक हलका क्लक कर, तो मान उंच करून बघेल, तेव्हा. स्प्रिंगला नर किंवा दाढी असलेलाच पक्षी मारता येतो, काही माद्यांना पण छातीवर ते केसाळ पिसांचं झुपकं असतं, कायद्याने चालतं, पण एप्रिलमधे त्या अंडी घालतात, तू सोडून द्यावीस असं मला वाटतं.

लाल, पांढरं, निळं काही घालू नको, मोजे पण नाही, कारण टॉमचं डोकं त्याच रंगांचं असतं. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बस. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, कॉल वाजवायचा नाही, मोठ्याने "हॅलो, इथे माणूस आहे" म्हणायचं. आणि ओरडण्याच्या आवाजाकडे दबकत जायचं नाही, तो आवाज दुसऱ्या कुणाच्या कॉलचा असू शकतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ये, मी फळ्या आणि कागद तयार ठेवतो, आधी साधी टार्गेटची काडतुसं वापरू, महागडी शेवटी दोनच. आईला अजून धाकधूक आहे पण परवा तिनेच विचारलं की पक्षी आणलाच तर शिजवणार कसा. मी म्हटलं छाती तू तव्यावर कर, तंगड्यांचा मालवणी मसाल्यात रस्सा मी करतो, त्या चिवट असतात, कुकरला शिट्ट्या जास्त लागतात. आजीने पाठवलेला मसाला डब्याच्या तळाशी थोडा उरलाय, तेवढा ठेवून दिलाय.

तुझा,
बाबा