पेन ड्राइव्ह बिघडला, तर दुरुस्तीची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर बिघडलेल्या पेन ड्राइव्हबद्दल आलेले टिपण वाचले. आधी चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) चालवा, नाही जमले तर क्विक फॉरमॅट करा आणि मग रिकव्हरीचा प्रोग्राम लावा, असा सल्ला त्यात आहे. हा क्रम उलटा आहे. फाइल्स परत हव्या असतील, तर पहिल्या दोन गोष्टी अगदी शेवटी करायच्या, आणि बहुतेक वेळा त्या करायची गरजच पडत नाही.

चेकडिस्क नेमके काय करते ते आधी पाहू. पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. फॅट३२ मध्ये फाइलचे तुकडे म्हणजे क्लस्टर, आणि कोणत्या क्लस्टरनंतर कोणता, ही साखळी एका तक्त्यात नोंदलेली असते. फाइल लिहिली जात असताना ड्राइव्ह उपसला, तर तक्ता बदललेला आणि फोल्डरमधली नोंद जुनीच, किंवा याच्या उलट, अशी अवस्था होते. विंडोज कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर वापरते त्या एनटीएफएस पद्धतीत अशा वेळी मागे जाता यावे म्हणून बदलांची वेगळी नोंदवही असते. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोन्ही पद्धतींत ती नाही. अशा ड्राइव्हवर ‘/एफ’ हा दुरुस्तीचा पर्याय लावून चेकडिस्क चालवले, की जमाखर्च जुळवण्यासाठी ते बेवारस, म्हणजे कोणत्याच फाइलच्या नोंदीशी न जुळणाऱ्या, साखळ्या एकतर मोकळ्या करते किंवा ‘फाउंड.०००’ या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांनी टाकते. मूळ नाव गेले, एक्स्टेन्शन गेले, फोल्डरची रचनाही गेली. शिवाय हे सगळे त्याच ड्राइव्हवर लिहिले जाते आणि ते मागे घेण्याची सोय नाही. ‘/एफ’ न लावता चालवले तर ते फक्त वाचते. तेवढे फार तर माफ.

‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल’ अशी खिडकी विंडोजने उघडली, तर ‘कॅन्सल’ दाबावे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये असा ड्राइव्ह ‘रॉ’, म्हणजे फॉरमॅट न ओळखलेला, दिसतो. अनेकदा बिघाड फक्त पहिल्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे ड्राइव्हवरच्या जागेचा लहानसा ठरावीक तुकडा), म्हणजे ड्राइव्हची मांडणी सांगणाऱ्या बूट सेक्टरमध्ये असतो आणि त्याची राखीव प्रत ड्राइव्हवरच असते: फॅट३२ मध्ये सहसा ६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, तर एक्सफॅटमध्ये १२ व्या सेक्टरपासून पुढे. ती प्रत जागेवर आणली की सगळे फोल्डर नावांसकट उभे राहतात. क्विक फॉरमॅटने मात्र तक्ता आणि मुख्य फोल्डर कोरे होतात, राखीव प्रतही नवी लिहिली जाते. मग उरतात त्या नावे हरवलेल्या फाइल्स. चुकून ‘क्विक’ची खूण काढली गेली तर काहीच उरत नाही, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या ड्राइव्हवर शून्ये लिहितो.

म्हणून पहिले काम इमेज घेण्याचे. इमेज म्हणजे ड्राइव्हमधल्या पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची जशीच्या तशी नक्कल, एका मोठ्या फाइलमध्ये. पुढचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम यासाठी उत्तम, कारण खराब सेक्टर लागला तरी तो अडून बसत नाही. चांगला भाग आधी उचलतो आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो. पहिली फेरी ‘-एन’ पर्यायाने, म्हणजे अवघड जागी न झगडता. दुसरी त्याच मॅप फाइलसह ‘-डी’ आणि ‘-आर३’ लावून, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मध्येच ड्राइव्ह गायब झाला तर तो काढून थंड होऊ द्यावा आणि पुन्हा लावून तीच आज्ञा द्यावी. काम थांबले तिथून पुढे सुरू होते. मात्र पुन्हा लावल्यावर ड्राइव्हचे नाव बदलले नाही ना, हे आधी बघावे.

इथे चुका ठरलेल्या होतात. आज्ञेत आधी ड्राइव्ह, मग इमेज, मग मॅप फाइल हा क्रम असतो. तो उलटला तर इमेज ड्राइव्हवर लिहिली जाईल. डीडीरेस्क्यू ‘फोर्स’ पर्यायाशिवाय ड्राइव्हवर लिहायला नकार देतो. तसा नकार आला की फोर्स लावायचे नाही, क्रम तपासायचा. दुसरे, इमेज पूर्ण ड्राइव्हची घ्यावी, म्हणजे लिनक्समध्ये दिसणाऱ्या ‘एसडीबी’सारख्या नावाची; ‘एसडीबी१’ या फक्त पार्टिशनची (ड्राइव्हच्या एका भागाची) नव्हे. तिसरे, ६४ जीबीच्या ड्राइव्हसाठी तेवढी मोकळी जागा इमेजला लागते आणि सापडलेल्या फाइल्सना वेगळी. साधारण दुप्पट धरावी. ही जागा फॅट३२ डिस्कवर चालणार नाही, कारण तिथे ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. ड्राइव्ह हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावावा. सेकंदाला ३० एमबी वेग मिळाला तर ६४ जीबीला सुमारे ३५ मिनिटे पुरतात. खराब सेक्टर असतील तर रात्रही जाऊ शकते.

आता इमेजवर टेस्टडिस्क हे पार्टिशन आणि बूट सेक्टर दुरुस्त करणारे साधन उघडावे. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पार्टिशन निवडून ‘बूट’ या पर्यायात बूट सेक्टर आणि त्याची राखीव प्रत या दोन्हींची अवस्था दिसते. राखीव प्रत चांगली असेल तर ‘बॅकअप बीएस’ने ती मुख्य जागी येते. मग ‘लिस्ट’मध्ये फाइल्सची यादी उघडते, तिथून त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी कराव्यात. यादी येतच नसेल तर फोटोरेक या रिकव्हरीच्या प्रोग्रामकडे वळावे. नावावर जाऊ नका, फोटोरेक फोटोंखेरीज शेकडो प्रकारच्या फाइल्स शोधतो. तो तक्त्यावर अवलंबून राहत नाही, फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखतो: जेपीईजी ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते, पीडीएफ ‘%पीडीएफ’ने, वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइल्स ‘पीके’ने, कारण त्या आतून झिप असतात. फाइल्स मिळतात, पण मूळ नावे आणि फोल्डर नसतात. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली मोठी व्हिडिओ फाइलही या पद्धतीने क्वचितच पूर्ण येते. म्हणून फोटोरेक टेस्टडिस्कच्या नंतर.

चुकून डिलीट झालेल्या फाइल्सचे गणित थोडे वेगळे. फॅट३२ मध्ये डिलीट करताना फोल्डरमधल्या नोंदीचा पहिला बाइट ‘ई५’ होतो आणि तक्त्यातली साखळी पुसली जाते. म्हणून प्रोग्राम लहान नाव दाखवताना पहिले अक्षर गाळतो. लांब नाव वेगळ्या नोंदींत असल्यामुळे ते बहुधा शाबूत मिळते. फाइल सलग लिहिलेली असेल तर ती पूर्ण येते, तुकड्यांत असेल तर मधूनच दुसऱ्याच फाइलचा मजकूर डोकावतो. एसएसडीपेक्षा इथे आशा जास्त, कारण बहुतेक पेन ड्राइव्हमध्ये ट्रिम, म्हणजे डिलीट झालेली जागा ड्राइव्हने आतून पुसून टाकण्याची सोय, नसते आणि डिलीट केलेला मजकूर त्यावर नवे काही लिहीपर्यंत पडून असतो. मॅकवर डिलीट केले असेल तर आधी ड्राइव्हवरचे लपलेले ‘.ट्रॅशेस’ फोल्डर बघावे, लिनक्सवर ‘.ट्रॅश-१०००’सारखे. फाइल्स तिथेच असतात आणि लोक रिकव्हरीचे प्रोग्राम शोधत बसतात!

तसाच फसवा प्रकार शॉर्टकट व्हायरसचा. ड्राइव्ह रिकामा किंवा शॉर्टकटने भरलेला दिसतो, पण प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा मात्र पूर्वीइतकीच. म्हणजे फाइल्स फक्त लपवलेल्या आहेत. शॉर्टकटवर क्लिक न करता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ ही आज्ञा ‘-एच -आर -एस’, मग ड्राइव्हचे अक्षर आणि ‘*.*’, शेवटी ‘/एस /डी’ अशी द्यावी. कधी कधी सगळे सामान बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडते.

ड्राइव्हची क्षमता ० बाइट किंवा ‘नो मीडिया’ दिसत असेल, तर मात्र कोणताही प्रोग्राम उपयोगाचा नाही. ड्राइव्हचे काम चालवणाऱ्या कंट्रोलर या चिपचा मेमरी चिपशी संपर्क तुटलेला असतो. ड्राइव्ह लावल्यावर कॉम्प्युटर काहीच ओळखत नसेल, तर वाकलेल्या प्लगचे सोल्डर तुटल्याची शक्यता पहिली. साध्या यूएसबी २.० प्लगला चारच जोड असतात: ५ व्होल्ट, डेटाचे दोन आणि ग्राउंड. ज्याचा हात सोल्डरिंगवर बसला आहे त्याला ते जोडता येतात, पण प्लग पुन्हा पुन्हा हलवून ‘लागतो का’ बघितले तर बोर्डवरचे तांबे उखडते, आणि ५ व्होल्टची तार चुकीच्या जागी लागली तर कंट्रोलर जळतो. कंट्रोलरच गेला असेल तर चिप काढून थेट वाचावी लागते. त्यातला मजकूर कंट्रोलरने आपल्या पद्धतीने विस्कटून, वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये पसरून ठेवलेला असतो, म्हणून हे प्रयोगशाळेचे काम. नखाएवढ्या ड्राइव्हमध्ये तर चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात; तिथे काम आणखी किचकट.

ड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला, तर ते कुलूप काढण्याचे उपाय शोधू नयेत. मेमरी संपत आली की काही कंट्रोलर स्वतःहून लिहिणे बंद करतात. वाचता येते आहे तोवर ताबडतोब कॉपी करावी.

सापडलेल्या फाइल्सचा आकार बरोबर दिसला म्हणून विश्वास ठेवू नये. त्या उघडून बघाव्यात; आत नुसती शून्ये असू शकतात, फोटोचा खालचा अर्धा भाग करडा असू शकतो. उघडत नसलेल्या वर्ड फाइलचे एक्स्टेन्शन ‘झिप’ करून पाहावे. झिप उघडली तर ‘वर्ड’ फोल्डरमधल्या ‘डॉक्युमेंट.एक्सएमएल’मध्ये निदान मजकूर मिळतो. ही तपासणी संपल्यावर फॉरमॅट करायला हरकत नाही. पण इमेज घेताना खराब सेक्टर लागले असतील तर तो ड्राइव्ह पुन्हा वापरू नये. इमेजची फाइलही लगेच डिलीट करू नये. राहिलेल्या फाइलची आठवण बहुधा महिन्याभराने होते.

आपला,
डेटा रिकव्हरीच्या कामातील एक वाचक