‘खान्देशातला तरुण’ म्हणजे नेमका कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘खान्देशी तरुणाईला राजकारणाचे वावडे’ ही पाहणी वाचली. टक्केवारी दशांशचिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत छापली आहे, पण विचारले किती जणांना, हे बातमीत कुठेच नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून ४०० जणांना विचारले तरी सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात; १०० जण असतील तर १० टक्के. आणि इथे तर निवडच झालेली नाही. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मची लिंक फिरली, ज्याला वाटले त्याने भरला. अशा फॉर्मला हे गणितसुद्धा लावता येत नाही.

पाहणी जानेवारीत झाली म्हणता. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांतली कितीतरी तरुण जोडपी गुजरातेत आणि इतरत्र ऊसतोडीला गेलेली असतात. ती कॉलेजात नाहीत, गावातही नाहीत. त्यांना वगळून नंदुरबारचा आकडा काढलाच कसा?

नीट करायचे तर वाट माहीत असलेली आहे. आधी चिठ्ठीने तालुके निवडायचे, मग त्यांतली मतदान केंद्रे आणि मग तिथल्या मतदार यादीतली नावे. यादीत १००० नावे असतील आणि २० जण हवे असतील तर दर ५० वे नाव. पहिले नाव १ ते ५० मधून चिठ्ठी काढून. १७ निघाले तर पुढे ६७, ११७. माणूस घरी भेटला नाही तर पुन्हा जायचे, शेजारचा धरायचा नाही. तरुणांच्या बाबतीत यातही एक खोट आहे: १८-१९ वर्षांच्या बऱ्याच मुलामुलींची नावे यादीत चढलेलीच नसतात, म्हणून निवडलेल्या केंद्रांत घरटी मोजणी करावी लागते. आणि सून-मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ओट्यावर बसलेला सासरा देतो, तेव्हा ती मुलाखत कुणाची म्हणायची? लोकनीती या अभ्यासगटाच्या निवडणूक पाहण्यांत मत कुणाला दिले हे तोंडी विचारत नाहीत, नमुना मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला सांगतात, ते याचसाठी.

सर्वात जास्त खटकला तो प्रश्न: ‘राजकारण गलिच्छ झाल्यामुळे आपण त्यापासून दूर राहता का?’ हे दोन प्रश्न एकात कोंबले आहेत आणि पहिल्याचे उत्तर तुम्हीच देऊन टाकले आहे. आपल्याकडे ‘राजकारणमा पडू नको’ असे म्हणतात तेव्हा राजकारण म्हणजे पुढाऱ्यामागे फिरणे. ग्रामसभा त्यात कुणी धरत नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याखालचे राज्याचे नियम २०१४ चे. त्यानुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेता येते. त्या सभेत वनहक्काच्या दाव्यावर तासभर भांडलेला पोरगा तुमच्या फॉर्मवर ‘राजकारणात रस नाही’ असेच लिहील, आणि तुम्ही त्याला उदासीन ठरवाल. विचारायचे होते ते असे: गेल्या वर्षभरात ग्रामसभेला गेलात का? तिथे बोललात का? रेशन कार्डातून नाव कमी झाले तर कुठल्या कार्यालयात जाल? आणि हे अहिराणीत, पावरीत, म्हणजे इथल्या बोलींत विचारायचे होते, पुस्तकी मराठीत नव्हे. राष्ट्रपतींचे नाव, लोकसभेच्या जागा हे प्रश्न मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये ठेवण्यात अर्थ नाही. उत्तर त्याच मोबाइलवर दहा सेकंदांत सापडते.

‘बातम्या कुठून कळतात?’ याला एकापेक्षा जास्त उत्तरे निवडायची मुभा होती, तरी त्याचे वर्तुळ काढून तुकडे केले आहेत. त्या तुकड्यांची बेरीज १०० च्या पुढे जाते. अशा उत्तरांना आडव्या पट्ट्या काढतात. मुले तुमचा आलेख पाहून शिकतात हो!

जाता जाता आणखी एक. मुलांना नागरिकशास्त्र येत नाही, असे अग्रलेखात लिहिले आहे. ग्रामसभा सहावीच्या पुस्तकात आहे. पण दहावीला तो विषय इतिहासाला जोडून ४० गुणांच्या एकाच पेपरात उरकला जातो, त्याबद्दल अग्रलेखात चकार शब्द नाही. तालुका पानावर वाढदिवसाचे फोटो रोज असतात. गणपूर्ती, म्हणजे १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जे कमी तेवढे लोक, न झाल्याने कोणत्या गावची ग्रामसभा तहकूब झाली, ते कधीच नसते.

मूळ प्रश्नावली, उत्तरे देणाऱ्यांची तालुकावार संख्या आणि त्यात मुली किती, एवढे तरी येत्या अंकात पहिल्याच पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर